फिल्टरमधलं शेवाळ

दर आठवड्याला हे ड्रिपचा फिल्टर उघडतात, आतली जाळी काढून दगडावर आपटतात आणि जाळीला चिकटलेला हिरवा गाळ बांधावर झटकतात. रावेर तालुक्यात केळी करणाऱ्या घराला हे नवीन नाही. शेततळ्यातलं पाणी उन्हानं हिरवं होतं, शेवाळ नळ्यांत शिरतं, ड्रिपर चोंदतात आणि मग ॲसिड सोडा, ब्लीचिंग टाका, असं सगळं मागे लागतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर मी यांना म्हटलं, "या वेळी तो गाळ फेकू नका, मला आणून द्या." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या कप्प्यात तो घेऊन आले.

मला तो हवा होता फायटरच्या पिल्लांसाठी.

त्याआधीच्या पावसाळ्यात मुलीनं भुसावळहून फायटर माशांची जोडी आणली होती. नर गडद निळा, मादी फिकट. आठवड्याभरात नरानं पाण्यावर फेसाचं घरटं केलं आणि एका दुपारी अंडी पडली. खाली पडणारं एकेक अंडं तो तोंडात धरून वर नेई आणि फेसात ठेवी. स्वयंपाक तसाच टाकून मी दीड तास टाकीसमोर बसले होते. दोन दिवसांत पिल्लं निघाली, शेपटी खाली करून फेसाला लटकलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आडवी पोहू लागली. पांढऱ्या दोऱ्याचा तीन मिलिमीटरचा तुकडा आणि त्याला दोन काळे डोळे, एवढंच पिल्लू. मी पाकिटातलं खाद्य खलबत्त्यात कुटून, मलमलीतून गाळून टाकलं. ते तळाशी जाऊन बसलं, पाणी गढूळलं, आणि आठव्या दिवशी टाकीत एकही पिल्लू उरलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं.

पिल्लांना हलणारं खाद्य लागतं. समोरून सरकलं तरच ती झडप घालतात, पडून राहिलेल्या भुकटीकडे बघतही नाहीत. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पाण्यात कालवून द्या, असं बरेच जण सांगतात. पण सासूबाई माळकरी आहेत, आमच्या घरात अंडं येत नाही आणि माझ्या हौसेसाठी ते यावं असं मलाही वाटत नाही. मग केळीच्या घरात असते ती वस्तू घेतली. वाळवलेली केळीची साल बरणीत टाकून वर टाकीचं जुनं पाणी ओतलं. दोन दिवसांत पाणी दुधाळ झालं, वास सुटला. ते सगळे जिवाणू. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी पुन्हा निवळायला लागलं, कारण त्या जिवाणूंना खाणारे बारीक जीव वाढले होते. बरणी उजेडात धरली की धुळीसारखे कण इकडून तिकडे जाताना दिसत. इन्फुसोरिया म्हणतात ते हेच. तिसऱ्या वेळची अकरा पिल्लं त्यावर जगली.

अडचण एवढीच की ही बरणी टिकत नाही. आठवड्यात साल सडते, पाणी काळवंडतं, पुन्हा पहिल्यापासून. पिल्लांना तर रोज दोनदा लागतं. शोधता शोधता कळलं की मासे पैदास करणारे हिरवं पाणी राखून ठेवतात. त्यात सूक्ष्म शेवाळ असतं. उन्हावर ते स्वतःचं अन्न करतं, त्यावर बारीक जीव जगतात, आणि दिवसा पाण्यात प्राणवायूही सुटत राहतो. सडणारं काही नाही, वाढणारं आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. हे पीक आहे. बियाणं हवं, खत हवं, ऊन हवं, आणि काढणीची वेळ ओळखता आली पाहिजे.

बियाणं डब्यात आलंच होतं. पण त्या गाळात शेवाळाबरोबर माती होती, अळ्या होत्या, आणि चतुराचं एक पिल्लूही होतं, जे माशाचं पिल्लू सहज खाऊन टाकतं. जुनी सुती ओढणी चौपदरी केली आणि तीन वेळा गाळलं. फिल्टरच्या जाळीला चिकटतं ते बहुतेक तंतूचं शेवाळ, केसांसारखं. ते ओढणीत अडकलं. खाली आलं ते फिकट हिरवट पाणी, लिंबाच्या सरबताला पुदिन्याचा रंग यावा इतपत. मला तेच हवं होतं.

थंड पेयाच्या दोन लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत पाऊण भाग टाकीचं जुनं पाणी आणि वर हे बियाणं. टाकीचं पाणी बदललं की ते मी कढीपत्त्याला घालायचे. माशांच्या विष्ठेतलं नायट्रेट आणि फॉस्फेट त्यात असतं, तेच शेवाळाचं खत. बाटल्या गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यालगत ठेवल्या, सकाळी अकरापर्यंत ऊन आणि नंतर सावली. कांदेबागेची, म्हणजे केळीच्या दिवाळीच्या सुमाराच्या हंगामाची, लागवड आटोपली की येणारे आपल्याकडचे दिवस यासाठी उत्तम. ऊन असतं, पण भाजत नाही. बाटली दिवसातून दोन-तीनदा हलवायची, नाहीतर शेवाळ खाली बसतं आणि तळातलं मरतं. झाकण सैल, त्याखाली मलमलीचा तुकडा.

सहाव्या दिवशी रंग धरला. दहाव्या दिवशी बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं तर मोठा मथळासुद्धा वाचता येईना. ही माझी काढणीची खूण. सगळी बाटली कधी रिकामी करायची नाही. एक तृतीयांश काढायची आणि तेवढंच जुनं पाणी वर भरायचं. घड कापल्यावर शेजारच्या पिलावर पुढचं पीक घेतात, तसा हा पिलबाग. माझी एक बाटली अशी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालली.

मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं तेव्हा तिनं एक बाटली नेली आणि सरांना विचारून सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. मीही पाहायला गेले. मला वाटलं होतं नुसता हिरवा रंग दिसेल. दिसल्या त्या चार-चार पेशी, शेंगेतल्या दाण्यांसारख्या एकमेकींना खेटून ओळीत बसलेल्या, आणि कडेच्या दोघींना बाहेर वळलेले काटे. हे सेनेडेस्मस नावाचं शेवाळ. त्यांच्यामध्ये सुटे हिरवे गोल ठिपके तरंगत होते, ते क्लोरेलासारखे काहीतरी असावेत. नंतर मी वाचलं की पाण्यात खाणारे जीव आले की त्यांच्या अंगातून सुटणारं रसायन सेनेडेस्मसच्या सुट्या पेशींना कळतं आणि मग त्यांच्यातून निघालेल्या नव्या पेशी सुट्या न होता अशा ओळीत चिकटून राहतात, म्हणजे गिळायला अवघड जावं. शेततळ्यातल्या ज्या हिरव्या चिखलाला आम्ही पिढ्यानपिढ्या नुसती घाण म्हणत आलो, त्यात हे चाललेलं असतं.

आता चूक सांगते, कारण ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जानेवारीत थंडी वाढली आणि बाटल्या फिक्या पडल्या. घरात 19:19:19 या खताची पिशवी होतीच, बागेला ड्रिपमधून सोडतात ती. मी दोन लिटरच्या बाटलीत चिमूटभर टाकलं. तीन दिवसांत असा गर्द हिरवा रंग आला की मी आनंदानं यांना गच्चीवर बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूटभर टाकलं आणि त्याच दुपारी अर्धी बाटली पिल्लांच्या लहान टाकीत ओतली. पंधरा दिवसांची चाळीसेक पिल्लं होती. ती वर येऊन तोंड उघडायला लागली, मग कडेला पडायला लागली. संध्याकाळपर्यंत पाच उरली.

का झालं ते नीट कळायला मला महिना लागला. 19:19:19 मधलं सगळं नत्र नायट्रेटच्या रूपात नसतं, त्यात अमोनियाचं आणि युरियाचंही असतं. शेवाळानं ते खाऊन संपवायच्या आधीच मी ओतलं. दुसरं म्हणजे, शेवाळ उन्हात पाण्यातला कर्बवायू ओढून घेतं, त्यामुळे दुपारी हिरव्या पाण्याचा पीएच 9 च्याही वर जातो. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 ला तो शंभरात जेमतेम एक भाग असतो, 9 ला जवळपास निम्मा. म्हणजे वेळ निवडली तीही दुपारची, सगळ्यात वाईट.

तेव्हापासून बाटलीत रासायनिक खत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्याचं मिश्रण तर नाहीच, त्यात तांबं असतं आणि तांबं शेवाळालाही मारतं, कोळंबीलाही. टाकीचं जुनं पाणी पुरतं. रंग थोडा हळू येतो, येऊ दे. आणि टाकीत घालायचं पाणी सकाळी ऊन चढायच्या आत घ्यायचं, तेही थोडं. जास्त लागणार असेल तर बाटली दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवते. शेवाळ तळाशी बसतं, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा हिरवा साका टाकीच्या पाण्यात कालवून द्यायचा. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. पिल्लांची टाकी गर्द हिरवी केली आणि रात्री लाइट जाऊन एअर पंप बंद पडला, तर पहाटे पिल्लं गेलेली असतात. आपल्याकडे लाइटचा भरवसा किती धरायचा ते तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर मी हिरवं पाणी थेट टाकीत घालणं कमी केलं आणि मध्ये एक पायरी आणली, मोयना. पाण्यातला पिसू म्हणा, जेमतेम एक मिलिमीटरचा. एका ओळखीच्या मासेवाल्याकडून औषधाच्या बाटलीत वीस-पंचवीस आणले आणि वीस लिटरच्या टबात हिरवं पाणी भरून सोडले. टबात हवेची नळी मोकळी ठेवली, पुढे दगड लावला नाही. दगडातून येणारे बारीक बुडबुडे यांच्या कवचात अडकतात आणि बिचारे वर तरंगून मरतात.

दहा दिवसांनी टबात भिंग घेऊन बघत होते. मोयनाचं अंग काचेसारखं आरपार असतं. आत एक वाकडी हिरवी रेघ दिसत होती, खाल्लेल्या शेवाळानं भरलेलं आतडं. त्याच्या वरच्या बाजूला हृदय इतकं भराभर उडत होतं की मोजता येईना. पाठीच्या पिशवीत गोल पिल्लं, त्यांचेही डोळे दिसत होते. माझ्या बाटलीतला हिरवा रंग त्या रेघेत पोचलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ फायटरच्या पिल्लाच्या पोटात. पिल्लं आठवड्याची झाली की मोयनाची नुकती जन्मलेली पोरं त्यांच्या तोंडात मावतात. त्याआधी केळीच्या सालीचं पाणी आणि थोडं हिरवं पाणी. या मेळावर गेल्या वर्षी एका वेळची साठहून जास्त पिल्लं वाढली.

मोयना खातात मात्र फार. गर्द हिरवा टब दोन दिवसांत पाण्यासारखा स्वच्छ करतात आणि मग उपाशी मरतात. म्हणून बाटल्या आता सहाच्या अठरा झाल्या आहेत. मोयना गुलाबी-लालसर दिसायला लागल्या तर समजायचं पाण्यात प्राणवायू कमी आहे, नळी तपासायची.

अठरा बाटल्या आणि दोन टब गच्चीवर म्हटल्यावर घरात बोलणं होणारच. सासूबाई वर आल्या, एकेक बाटली बघत गेल्या आणि म्हणाल्या, "अवं माय, हे हिरवं पानी कायले भरून ठेवलं व? डास होतीन ना!" त्यांचं खरं होतं. पावसाळ्यात आशाताई घरोघर पाण्याची भांडी तपासत आल्या तेव्हा माझ्या एका टबावरचं कापड वाऱ्यानं सरकलेलं होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ताई रागावल्या नाहीत, पण टब माझ्या देखत मोरीत ओतायला लावला. मला वाईट वाटलं, तरी त्यांनी बरोबरच केलं. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि आमच्या गल्लीत त्याच महिन्यात डेंग्यूचे दोन पेशंट होते. आता टबावर मच्छरदाणीचं कापड आणि त्यावरून सायकलच्या ट्यूबचा घट्ट पट्टा असतो. दर शनिवारी मी स्वतः गाळून बघते. अळी सापडली तर ती मोठ्या फायटरला. गच्चीवर पाणी साठवणाऱ्यानं हे काम टाळायचं नाही, बाकी काही जमो न जमो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईचे लोक सांगतात ते आपल्याकडे मे महिन्यात चालत नाही. पारा 45 च्या पुढे गेला की गच्चीवरच्या बाटलीतलं पाणी हातात धरवत नाही. पहिल्या वर्षी एप्रिलअखेर माझ्या सगळ्या बाटल्या तीन दिवसांत हिरव्याच्या पिवळ्या आणि पिवळ्याच्या तपकिरी झाल्या, वर फेस आला. मेलेलं शेवाळ वासावरून कळतं. ताज्या हिरव्या पाण्याला नदीकाठच्या ओल्या गवताचा वास असतो, मेलेल्याला नासलेल्या पालकाचा. आणि कडेला निळसर, बुळबुळीत थर दिसला, मातकट दर्प आला, तर तो नीलहरित प्रकार. त्यातले काही विषारी असतात. बाटली फेकायची, मोह धरायचा नाही.

आता मार्च लागला की चार बाटल्या बियाण्यापुरत्या खाली घेते, ओसरीत, खिडकीच्या उजेडात. वर राहतात त्यांच्यावर सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर दुहेरी ताणते. आणि उन्हाळ्याचं पीक वेगळं घेते, स्पिरुलिना. तीही खरं तर नीलहरित जातीचीच, पण खाण्याजोगी. शेकडो वर्षांपासून आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठचे लोक तिच्या वड्या करून खातात. तिला 35 अंशांचं पाणी मानवतं, म्हणजे ज्या उन्हात माझं बाकी सगळं मरतं त्यात, वर धोतराची सावली असली की, ही जोमानं वाढते. पाणी मात्र खारं, सोड्याचं लागतं. लिटरला साधारण 16 ग्रॅम खायचा सोडा, बाकीचे क्षार बियाण्यासोबत आलेल्या पुडीतले. पीएच 10 च्या आसपास राहतो, त्यामुळे दुसरं शेवाळ त्यात सहसा घुसत नाही. बियाणं चांगल्या ठिकाणाहूनच घ्यावं, हे एक शेततळ्यातून आणायचं नाही.

स्पिरुलिनाचे धागे पिळदार असतात, म्हणून ती कापडात अडकते. छपाईवाल्याकडून स्क्रीनची बारीक जाळी आणली, तिच्यातून गाळते. जाळीवर गडद हिरवा लगदा राहतो, गव्हाच्या चिकासारखा घट्टसर. साध्या पाण्यानं धुवून सोडा काढायचा. गेल्या वर्षी चैत्रात सासूबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या आणि मी शेजारी लगदा हातात घेऊन उभी होते, हा वाळवायचा कसा या विचारात. त्यांनी बारीक शेवेची ताटली लावलेला जुना सोऱ्या माझ्या हातात दिला. मी प्लास्टिकवर सावलीत हिरव्या शेवया पाडल्या. आपल्याकडचा कोरडा वारा असा की चार तासांत त्या कडकडीत वाळल्या. ऊन लागू दिलं नाही, उन्हानं रंग उडतो. वाळलेल्या स्पिरुलिनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. गप्पीचा केशरी रंग तर ज्या द्रव्यांनी येतो त्यांतली काही माशाला स्वतःच्या अंगात करता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. माझ्या गप्पी नरांच्या शेपट्या जूनपर्यंत पिकल्या पपईसारख्या झाल्या होत्या. तो सोऱ्या आता माशांचाच झाला आहे, सासूबाईंनी स्वतःसाठी नवा आणला.

मोली आणि सकर माशाला हे काहीच लागत नाही. त्यांच्यासाठी सुकी नदीतले चपटे गोटे आणले आहेत. पसरट घमेल्यात टाकीचं जुनं पाणी घालून गोटे उन्हात ठेवायचे, आधी तपकिरी आणि मग हिरवा थर चढतो. आज एक गोटा टाकीत, साफ झाला की बाहेर, दुसरा आत. सकर मोठा झाला तर तो नदीत किंवा धरणात कधीही सोडू नका. उजनीत या माशानं मच्छीमारांची जाळी फाडून काय हाल केले ते वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. आमच्या हतनूर धरणाचं तसं व्हायला नको.

यंदा कांदेबाग लावून झाली त्याच आठवड्यात यांनी न सांगता डबा भरून आणला. या वेळी फिल्टरमधलं नव्हतं, शेततळ्याच्या कडेचं निवळ पाणी होतं, आणि त्यांनी ते शेतातच उपरण्यातून गाळलं होतं. काल पाचवा दिवस. कठड्याकडच्या दोन बाटल्यांनी रंग धरला आहे, मथळा अजून वाचता येतो. निळ्या नरानं पहाटेपासून फेस जमवायला घेतला आहे, म्हणून आज सालीची बरणी भरून ठेवली.